विचारायचं राहून गेलं : ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणीच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

वही आजपासून. कारण एक मृत्यू.

चाळिशीच्या आतले गृहस्थ, ट्रॅक्टर चालवायचे. गेल्या महिन्यात डोकेदुखी, ताप, उलट्या घेऊन आमच्याकडे आले तेव्हा मान आखडलेली होती. जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे क्रिप्टोकोकस या बुरशीचा मेंदूज्वर निघाला, एचआयव्ही निघाला, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, फक्त ३१. आठ दिवसांत गेले.

आज त्यांच्या पत्नी आमच्या काउन्सेलर ताईंकडे स्वतःच्या तपासणीसाठी आल्या. सोबत नवऱ्याचे सगळे केसपेपर एका कॅरीबॅगमध्ये. आपल्याकडे केसपेपर रुग्ण घरी नेतो, त्यामुळे मागचा इतिहास रुग्णालयात नसतो, तो अशा पिशवीत असतो. मी ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. गेल्या ऑगस्टमध्ये छातीवर नागीण. डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांचे जुलाब. फेब्रुवारीत 'वजन कमी, भूक नाही', औषध टॉनिक आणि जंताची गोळी. एप्रिलमध्ये तोंडात पांढरा थर. दोन कागद आमचे, एक प्राथमिक आरोग्य केंद्राचा, एक खाजगी दवाखान्याचा.

फेब्रुवारीचा कागद माझ्या अक्षरातला आहे.

चारही वेळा समोरच्या तक्रारीला औषध दिलं गेलं. चारांपैकी एकाही डॉक्टरने एचआयव्हीची तपासणी सुचवली नाही. ती तपासणी आमच्याच इमारतीत होते, फुकट होते, त्याच दिवशी कळते. त्या माणसाने नकार दिला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

११ जुलै

दुपारी ओपीडी संपल्यावर पाच जण बसलो : मी, काउन्सेलर ताई, लॅब टेक्निशियन, ओपीडीच्या इन्चार्ज सिस्टर, औषध निर्माता. आपण सध्या तपासतो कुणाला, हे आधी लिहून काढलं. गरोदर बाया, जवळपास सगळ्या. क्षयरोगाचे रुग्ण. गुप्तरोगाची तक्रार घेऊन येणारे. शस्त्रक्रियेआधीचे. आणि जे स्वतःहून येतात ते. रोजच्या ओपीडीत तापाला, खोकल्याला, त्वचेच्या तक्रारीला येणारा प्रौढ माणूस यात कुठेच बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. एका रुग्णाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात एचआयव्हीचा विषय काढायचा म्हणजे लांबण लागणार, ही भीती प्रत्येकाच्या मनात आहे. ती खोटी नाही.

सरसकट सगळ्यांना विचारणं आज झेपणार नाही. म्हणून ज्या तक्रारी दिसल्या की विचारायचंच, त्यांची यादी केली : पन्नाशीच्या आतली नागीण, तोंडातला पांढरा थर, महिन्याहून जास्त ताप किंवा जुलाब, कारण न कळता घटलेलं वजन, मानेतल्या-काखेतल्या गाठी, वरचेवर न्यूमोनिया, अंगभर खाज येणारे पुरळ जे औषधाने जात नाही, रक्तातल्या प्लेटलेट कमी आणि डेंग्यू नाही, कुठलाही गुप्तरोग, आणि क्षयरोगाचा नुसता संशय असला तरी. यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली.

औषध निर्माते म्हणाले, 'मॅडम, निघाला पॉझिटिव्ह तर पुढे काय, हे डॉक्टरांनाच नीट माहीत नसतं, म्हणून ते विचारत नाहीत.' बरोबर बोलले. आमच्या पिढीने शिकताना सीडी४ ३५० च्या खाली येण्याची वाट पाहायला शिकलं होतं. २०१७ पासून तसं नाही. निदान झालं की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. बहुतेकांना रोज एक गोळी. नियमित घेतली, रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एवढं ठामपणे सांगता येत असताना आम्ही अजून १९९० च्या दशकातल्या दबक्या आवाजात बोलतो.

१७ जुलै

आषाढी. ओपीडी बंद. काउन्सेलर ताईंबरोबर फक्त वाक्यांवर काम केलं. हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस ठरेल असं मला वाटतं.

आम्ही आजवर कसं विचारत होतो? 'बाहेर कुठे संबंध आले होते का?' या प्रश्नानंतर नवऱ्याशेजारी बसलेली बाई काय उत्तर देणार? किंवा 'तुम्हाला एचआयव्हीची टेस्ट करायचीय का?' म्हणजे निर्णयाचं आणि संशयाचं ओझं दोन्ही रुग्णावर. ताईंचं म्हणणं, वागणुकीचा विषय काढायचाच नाही, आजारापासून सुरुवात करायची. शेवटी हे ठरलं :

'या वयात नागीण आली की आम्ही रक्तातली साखर आणि एचआयव्ही, दोन्ही बघतो. सगळ्यांचंच बघतो. निघालंच तर औषध इथेच मोफत आहे आणि चांगलं आहे. करूया का? नको असेल तर तसं सांगा, बाकीचे उपचार तेच मिळतील.'

मी घड्याळ लावून म्हटलं. पंधरा सेकंद.

शेवटचं वाक्य वगळायचं नाही, यावर ताई ठाम आहेत. नकाराची वाट खरी उघडी असेल तरच होकाराला अर्थ आहे. सविस्तर बोलणं, चाचणीआधीचं आणि नंतरचं, त्या करतील. डॉक्टरने फक्त दार उघडायचं.

२२ जुलै

सुरुवात. केसपेपरवर मारायला शिक्का करून आणला : 'एचआयव्ही – विचारले / होकार / नकार'. शिक्का दिसला की डॉक्टरला आठवण राहते. पहिल्याच दिवशी मी स्वतः दोघांना विचारायला विसरले आणि शिक्क्यामुळे परत बोलावलं.

नकार फार कमी. मला वाटलं होतं लोक चिडतील. एक आजोबा म्हणाले, 'बघा की, रगात तर काढताच हाय.'

२९ जुलै

शिक्का बंद केला. चूक माझी.

केसपेपर घरी जातो हे मी पहिल्याच दिवशी या वहीत लिहिलं आणि तरी शिक्का मारला. एका सुनेच्या कागदावर 'होकार' वाचून सासूने घरात गोंधळ घातला : 'तुला कशाला लागते ही तपासणी?' रिपोर्ट नॉनरिअॅक्टिव्ह, म्हणजे एचआयव्ही नाही असा होता, पण तो कागदावर नव्हता, असायलाही नको होता. ती मुलगी आज ताईंना भेटून गेली. मी तिची माफी मागितली.

आता कागदावर काही नाही. ओपीडीच्या आतल्या रजिस्टरमध्ये एक रकाना, ते कुलूपबंद कपाटात. आठवणीसाठी डॉक्टरच्या टेबलावर काचेखालची यादी पुरे.

१२ ऑगस्ट

होकार देणारे आणि प्रत्यक्ष तपासणी होणारे यांत मोठी गळती. कुठे गळतात हे पाहायला मी स्वतः रुग्णाच्या वाटेने चालले. ओपीडीतून बाहेर, औषधांच्या रांगेसमोरून, एक्स-रेच्या बोळातून, अगदी टोकाला आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र. दारावर मोठा लाल रिबिनीचा फलक, समोर बाकडं. त्या बाकड्यावर बसलेला माणूस सगळ्या गावाला दिसतो. गावातलाच कुणीतरी एक्स-रेला आलेला असतोच. मी रुग्ण असते तर औषध घेऊन सरळ एसटी स्टँड गाठला असता.

बदल : यादीतल्या तक्रारींच्या रुग्णाला तिकडे पाठवायचं नाही. रक्त लॅबमध्ये बाकीच्या तपासण्यांसोबत, एकाच वेळी. काउन्सेलर ताई सकाळी दहा ते बारा ओपीडीशेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत बसणार, पडदा लावून, दार बंद करून. वैद्यकीय अधीक्षकांनी लगेच मान्य केलं. खोलीला फलक नाही.

२६ ऑगस्ट

संध्याकाळच्या ओपीडीचा प्रश्न. लॅब बंद असते, आणि शेतमजूर, कारखान्यावरचे, दुकानदार नेमके संध्याकाळी येतात. दोन सिस्टर बोटातून रक्त घेऊन करायची तपासणी शिकल्या. मोजून थेंब, मग द्रावण, मग ठरलेली मिनिटं थांबायचं. कंट्रोलची रेषा उमटली नाही तर तपासणी बाद. वेळ उलटल्यावर पट्टी वाचायची नाही.

टेक्निशियनने हरकत घेतली, आणि ती नीट ऐकण्यासारखी होती. एका किटवर रेषा उमटली म्हणजे निदान नव्हे. देशात प्रौढांमध्ये प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. किट ९९.५ टक्के अचूक धरलं, तरी हजार निरोगी माणसांत पाच जणांच्या पट्टीवर उगीच रेषा येईल. म्हणजे सरसकट तपासलं तर खऱ्यांपेक्षा खोट्या रेषाच जास्त. म्हणूनच आयसीटीसीत तीन वेगवेगळी किट वापरून मगच निदान सांगतात. संध्याकाळी सातला पहिली रेषा दिसली आणि उरलेल्या तपासण्या सकाळी, तर त्या माणसाची रात्र कशी जाईल?

तासभर बोललो. तपासणीच करू नये असं मला वाटेना, कारण 'उद्या सकाळी या' म्हटलेला माणूस बहुधा येत नाही. शेवटी ठरलं, हे आधीच सांगायचं : 'पहिल्या तपासणीत काही दिसलं तर उरलेल्या सकाळी होतील, तोवर काहीच पक्कं नसेल. आत्ता करायची की सकाळी?' निवड त्याची. सकाळी ताई नऊला हजर असतील आणि त्याने रांगेत उभं राहायचं नाही.

१० सप्टेंबर

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ लागू होऊन आज सहा वर्षं. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत त्यातल्या चार गोष्टी वाचून दाखवल्या : समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, रुग्णाची माहिती बाहेर जाणार नाही, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येणार नाहीत, वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा. आमच्याकडे तो नेमलेला नव्हता. आज नेमला.

२४ सप्टेंबर

डेंग्यूची साथ. वॉर्ड भरलेला, काही खाटांवर दोन-दोन रुग्ण.

महिन्याचे आकडे पाहून मला आनंद झाला होता. तपासण्या एकदम वाढल्या होत्या. ताईंनी तो टिकू दिला नाही. त्या वॉर्डात फिरल्या आणि रुग्णांना विचारलं, 'तुमच्या रक्ताच्या कुठकुठल्या तपासण्या झाल्या?' एकालाही एचआयव्हीचं माहीत नव्हतं. झालं असं की तापाच्या रुग्णांसाठी लॅबच्या छापील चिठ्ठीवर आधीच खुणा करून गठ्ठा ठेवला होता : सीबीसी, डेंग्यू, मलेरिया, आणि एचआयव्ही. वाईट हेतू कुणाचाच नाही. प्रकल्प पुढे न्यायचा म्हणून उत्साहाने केलेलं.

गठ्ठा फाडला. ज्यांच्या तपासण्या न विचारता झाल्या त्या सगळ्यांना ताई आणि मी भेटलो, काय झालं ते सांगितलं, निकाल हवा आहे का विचारलं. बहुतेकांनी हवा म्हटलं. एक तरुण मात्र फार दुखावला. 'मला न सांगता कसं केलं?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री वाचलं : इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून लंडन, ब्रायटन, मँचेस्टर, ब्लॅकपूलच्या काही रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात, रक्त काढलंच जात असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी सोबतच होते. अमेरिकेतही २००६ पासून १३ ते ६४ वयोगटासाठी नेहमीच्या उपचारांतच तपासणी करण्याची शिफारस आहे. पण तिथेही रुग्णाला कळवलेलं असतं, नको म्हणता येतं. नकार दिला नाही तर करायची, याचा अर्थ सांगितलं नाही तरी चालेल असा होत नाही. आपल्या कायद्यात तर संमती स्पष्ट हवी. आकडा वाढवण्याचा सगळ्यात सोपा रस्ता न विचारण्याचा आहे, आणि मी महिनाभर त्याच रस्त्याने जात होते, नकळत.

९ ऑक्टोबर

आकडे खाली आले. ठीक आहे.

किट कमी पडलेत. पुरवठा येईपर्यंत क्रम : गरोदर बाया, क्षयरोग, मग आमची यादी. या काळात नागीण घेऊन आलेल्या एकाला जवळच्या आयसीटीसीचा पत्ता देऊन पाठवलं. फोन करून पाहिलं, गेला नव्हता. किट आल्यावर परत बोलावला, आला.

१८ नोव्हेंबर

दिवाळी आणि निवडणूक यांत महिना गेला. परवा मतदान, निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. नोंदी नाहीत म्हणजे काम नाही असं नव्हे, पण फार झालंही नाही.

२ डिसेंबर

एड्स दिन काल रविवारी होता, म्हणून प्रभातफेरी आज. कॉलेजची मुलं छान घोषणा देत होती. मी लवकर परतले, कारण ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आहेत.

बीडकडच्या जोड्या, म्हणजे कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पहाटे चारला फडात, रात्री उशिरा खोपीत. आजारी पडलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून दवाखान्यात येतात ते अगदी अंगावर आल्यावर. ओपीडीची वेळ त्यांच्या कामाची नाही. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा ताई यांच्यासोबत टोळ्यांच्या मुक्कामाच्या अड्ड्यावर रात्री साडेआठला जायचं ठरवलं. फक्त एचआयव्हीसाठी नाही. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, गरोदर बायांची तपासणी, खोकल्याची चौकशी, आणि त्यात एचआयव्ही. नुसत्या एचआयव्हीचं शिबिर लावलं तर टोळीवर शिक्का बसतो, आणि मुकादम उद्यापासून येऊ देणार नाही.

१६ डिसेंबर

७ तारखेला १०० दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली. तिच्या गाडीसोबत आमची माणसं जातात. वेगळं पेट्रोल, वेगळा दिवस लागत नाही. खोकल्याचा संशयित म्हणजे आमच्या यादीतला, त्यामुळे काम जुळलं.

काल एका अड्ड्यावर एक बाई, सहा महिन्यांची गरोदर, कुठेही नाव नोंदलेलं नाही. तिची रेषा उमटली. आज ताई स्वतः तिला घेऊन आल्या, तीनही किटवर रिअॅक्टिव्ह. नवरा बाहेर बसला होता. त्याला आधी काही सांगायचं नाही, तिला विचारून मग. ती म्हणाली, 'त्यालाबी तपासा, मग दोघांनला संगच सांगा.' तसंच केलं. तोही रिअॅक्टिव्ह. तो बराच वेळ हातातली टोपी चुरगाळत बसला आणि मग त्याने एकच विचारलं : 'लेकराला व्हतंय का?'

याचं उत्तर देता येतं याचा मला फार आधार वाटला. औषध वेळेवर सुरू झालं, बाळंतपण रुग्णालयात झालं, बाळाला जन्मल्याबरोबर औषध मिळालं, तर बहुतेक बाळं मुक्त राहतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी होते. दोघांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात पाठवलं, ताई सोबत एसटीने गेल्या. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला की ते गावी परततील. त्यांच्या तालुक्याच्या केंद्राशी आत्ताच बोलून ठेवलं, म्हणजे गोळ्या तुटणार नाहीत.

९ जानेवारी २०२५

एक वेगळी तक्रार. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एका खाजगी रुग्णालयात गेलेल्या बाईंची तपासणी न सांगता झाली, निकाल बोळात दिरासमोर सांगितला आणि शस्त्रक्रिया 'इथे होत नाही' म्हणून पाठवून दिलं. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा रक्तस्राव सुरूच होता. शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात झाली, नेहमीच्या यादीत, नेहमीच्या टेबलावर. हातमोजे, सुया, निर्जंतुकीकरण सगळ्याच रुग्णांसाठी सारखं पाळायचं असतं. कर्मचाऱ्याला सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, शक्यतो दोन तासांत, औषध सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. ते औषध आमच्या लेबर रूमच्या कपाटात असतं.

बाईंना तक्रार करायची आहे. अर्ज लिहायला ताई मदत करत आहेत. करायची की नाही हे त्याच ठरवतील. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या पुढच्या बैठकीत मी आमची डेंग्यूच्या वेळची चूक आधी सांगणार आहे आणि मग संमतीबद्दल बोलणार आहे.

३० जानेवारी

ट्रॅक्टरवाल्यांच्या पत्नी गोळ्या घ्यायला आल्या होत्या. जुलैत त्यांचीही तपासणी रिअॅक्टिव्ह आली होती. सीडी४ चांगला होता, त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. परवाचा व्हायरल लोड : विषाणू आढळला नाही. मुलगा निगेटिव्ह, दहावीला आहे. मी त्यांना फेब्रुवारीच्या कागदाबद्दल आजवर सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, की तो कागद माझा होता आणि मी तेव्हा विचारायला हवं होतं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आता इचारता ना सगळ्यांला?'

१२ फेब्रुवारी

नवीन बंधपत्रित डॉक्टर रुजू झाले. त्यांना मी वाक्य पाठ करायला दिलं नाही. फक्त काचेखालची यादी दाखवली, कायद्यातल्या चार गोष्टी सांगितल्या, आणि दिवसभर बाजूला बसले. तीन आठवडे खोकला असलेला एक तोडणी कामगार आला. डॉक्टरांनी आपल्याच शब्दांत विचारलं, जरा अडखळत, पण नको म्हणायची मोकळीक देऊन. तो 'करा' म्हणाला. त्याची बायको दाराशी मूल कडेवर घेऊन उभी होती. ती आत आली आणि म्हणाली, 'माझी नाही का करायची?'

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिला खोकला नव्हता, ती यादीत बसत नव्हती. ताईंनी तिला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावून बोलल्या, आणि दुसरं किट उघडलं.

यादीत आजपासून एक ओळ वाढवली : जो स्वतःहून विचारेल तो.